तापी-पांझरेतले शिंपले, खेकडे आणि डोह गावाने राखायचे कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदीकाठच्या गावांतून, तरुण मंडळांच्या ग्रुपवरून आणि सुरतला-पुण्याला कामाला गेलेल्या आपल्याच पोरांकडून जे प्रश्न फिरून फिरून येतात ते इथे एका जागी टाकलेत. आधी सोपे, मग किचकट. तेच उत्तर दोनदा लिहायचा कंटाळा, म्हणून लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय, तिकडे बघून घ्या.

१. खान्देशात समुद्र कुठे आहे भाऊ? शिंपले हा कोकणातला विषय ना?

समुद्र नाही, पण शिंपले आहेत. तापी आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या वाळूत, गाळात गोड्या पाण्यातले शिंपले राहतात, काळपट-हिरवट, काही तर चांगले तळहाताएवढे होतात. कोकणातल्या तिसऱ्या, कालवं खाऱ्या पाण्यातल्या, जाती वेगळ्या, पण काम सारखंच. पाणी आत ओढायचं, त्यातलं बारीक शेवाळ आणि कण खायचे आणि पाणी बाहेर सोडायचं. एक मोठा शिंपला दिवसभरात कित्येक लिटर पाणी असं गाळतो, आणि डोहात असे शेकडो असले की उन्हाळ्यातही पाण्याचा तळ दिसतो. खेकडे, झिंगे, गोगलगाई पण इथेच धरलेत कारण डोह राखला की सगळेच राखले जातात.

२. आमच्या डोहात शिंपले आहेत की नाही हे कसं कळणार?

एप्रिल-मे मध्ये पाणी उतरलं की सकाळी, ऊन तिरपं असताना, गुडघाभर पाण्यात उभं राहून तळाकडे बघा. ओल्या वाळूवर बोटाने ओढल्यासारखी वाकडीतिकडी चर दिसते, त्या चरीच्या टोकाला शिंपला अर्धा गाडलेला असतो आणि वर दोन बारीक फटी उघड्या असतात. सावली पडली की फटी मिटतात. उपसून काढायची गरज नाही.

काठावर पडलेल्या टरफलांवरून फार काही समजू नका, ती पुरात वरून वाहत आलेली पण असू शकतात. दोन्ही पाकळ्या जोडलेल्या आणि आतून चकचकीत असतील तर तो अलीकडे मेला, चुन्यासारखं पांढरं भुरभुरीत टरफल म्हणजे जुनं. आणि मोठे शिंपले दिसले म्हणून खूश होण्याआधी नखाएवढे बारके आहेत का ते शोधा. सगळे म्हातारे आणि बारकं एकही नाही असा डोह वरून भरलेला दिसतो पण आतून संपत आलेला असतो. कारण पुढच्या प्रश्नात.

३. माशांचा आणि शिंपल्यांचा काय संबंध? मासे वेगळे, शिंपले वेगळे ना?

इथेच सगळी मेख आहे. शिंपल्याची मादी पाण्यात जी बारीक पिल्लं सोडते ती एकटी जगत नाहीत. ती माशाच्या कल्ल्यांना नाहीतर परांना चिकटतात, काही दिवस-आठवडे माशाच्या अंगावर राहतात आणि मग गळून वाळूत पडून स्वतंत्र वाढायला लागतात. माशाला सहसा काही होत नाही. शिंपला स्वतः फार तर हातभर सरकेल पण त्याची पोरं माशावर बसून वरच्या डोहात पोचतात. म्हणजे डोहातले मासे जिलेटिनच्या कांड्या फोडून एका रात्रीत मारले तर त्या वर्षीची शिंपल्यांची पिढी पण गेली, आणि मध्ये माशाला चढता येणार नाही असा बंधारा आला तरी तेच. जातीजातीला ठरावीक मासे लागतात, म्हणून नुसते कुठलेही मासे आणून सोडून भागत नाही (प्रश्न १५ बघा).

४. नदी नेमकी कोणाची? आम्ही बोललो की समोरचा म्हणतो "नदी कोना बापनी शे का?"

बरोबर बोलतो तो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २० प्रमाणे नदी-नाले आणि त्यांचं पात्र सरकारचं. गावाची मालकी नाही, ग्रामपंचायतीची नाही, काठावरच्या शेतकऱ्याची तर नाहीच. पण त्याच न्यायाने वाळूवाल्याच्या बापाची पण नाही. गावाकडे मालकी नसली तरी वापराचे, नोंदीचे आणि तक्रारीचे हक्क आहेत, ते प्रश्न ९ आणि १० मध्ये.

५. मालकीच नाही तर गावाने नियम करून काय उपयोग? आणि सुरुवात कुठून करायची?

उपयोग आहे, आणि आपल्याकडे तो जुना आहे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरचे फड आठवा, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर सामाईक भिजणारे शेतीचे पट्टे. नदी सरकारची होती तरी बंधाऱ्याचं पाणी कुठल्या फडाला, कधी, कुठल्या पिकाला हे शेतकरीच बसून ठरवायचे, पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या राखण करायचा, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवायचा तर सगळ्यांनीच मान्य करायचं. शिंपल्याच्या डोहाला दुसरं काही लागत नाही: एक तुकडा आळीपाळीने पडीक ठेवायचा आणि राखणदार ठरवायचा.

सुरुवात मात्र ग्रामपंचायतीच्या हॉलमधून करू नका. जे खरंच नदीत उतरतात त्यांच्याकडून करा, म्हणजे भिल्ल वस्ती, भोई, टोकरे कोळी, आणि दुपारी टोपली घेऊन खेकडे-शिंपले वेचणाऱ्या बाया. मासेमारी झाल्यावर, त्यांच्या वस्तीत, त्यांच्या वेळेने बसा. कुठल्या डोहात काय आहे, काय होतं आणि कधी गेलं हे त्यांना तोंडपाठ असतं. आमचं स्पष्ट मत आहे की ज्यांची चूल नदीवर पेटते त्यांना न विचारता केलेला नियम म्हणजे फक्त बोर्ड. आणि बऱ्याच गावांत तो बोर्ड टोपलीवाल्या बाईलाच अडवतो, डंपरला नाही.

६. मग नियम कोणते ठेवायचे? एखादी यादी पाठवा ना.

यादी पाठवली तर तुम्ही ती लॅमिनेट करून लावाल आणि विसराल, म्हणून पाठवत नाही. पण जिथे नियम टिकतात तिथे ते कमी असतात, तीन-चारच. सगळ्यात कामाचा म्हणजे एक खोल डोह बारमाही बंद, कोणासाठीच नाही, सरपंचाच्या पाहुण्यांसाठी पण नाही. बाकी पात्र उघडं. दुसरा, पहिल्या पुराला मासे चढतात तेव्हा, साधारण जून ते ऑगस्ट, अरुंद जागी पात्र आडवं बंद होईल असं जाळं लावायचं नाही. या दिवसांत माशांच्या पोटात अंडी असतात, चढणीचा एक मासा मारला की पुढचे हजारो गेले. तिसरा, बारके शिंपले आणि पिल्लंवाली खेकडी परत सोडायची (पुढचा प्रश्न). चौथा जिलेटिन-करंट-औषधाचा, पण तो गावाचा नियम नाहीच, कायदाच आहे, प्रश्न ८.

घरी खायला काढणं आणि पोत्याने विकायला काढणं यात फरक ठेवा. पहिल्याला बंदी घातली तर उपाशी माणसाशी भांडण, दुसऱ्याला मोकळं सोडलं तर डोह एका हंगामात साफ.

७. खेकड्याची मादी कशी ओळखायची? पिल्लं कुठे असतात?

खेकडा पाठीवर उलटा करा, नांग्या सांभाळून. पोटाखाली दुमडलेली एक झडप दिसेल. ती अरुंद, निमुळती असेल तर नर, आणि रुंद गोलसर, जवळपास सगळं पोट झाकणारी असेल तर मादी. पावसाळ्यात ती झडप जरा फुगलेली दिसली तर हळूच बघा, आत आधी अंडी आणि नंतर ज्वारीच्या दाण्याएवढे तयार खेकडे भरलेले असतात. समुद्रातल्या खेकड्याची पिल्लं पाण्यात सुटी वाहून जातात, आपल्या नदीतल्या खेकड्याची तशी नाहीत, ती आईच्या पोटाखालीच पूर्ण खेकडा बनून बाहेर पडतात. म्हणून पिल्लंवाली एक मादी तव्यावर गेली की तो सगळा वेत गेला. अशी मादी बांधाच्या कडेला, बिळाजवळच सोडायची, नदीच्या धारेत भिरकवायची नाही.

८. जिलेटिन, बॅटरीचा करंट, औषध टाकून मासे मारतात. काय करायचं?

स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं इंग्रजांच्या १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, आणि पाण्यात विषारी पदार्थ सोडायला १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याचीही मनाई आहे. कपाशीवर मारायचं औषध डोहात ओतलं की मासा तर मरतोच पण खाली गुरं पाणी पितात, बाया कपडे धुतात. करंटवाले तर स्वतःच मरतात, ओल्या पायाने इन्व्हर्टरची वायर धरून.

पकडायला स्वतः जाऊ नका. वेळ, जागा, गाडीचा नंबर, जमलं तर लांबून फोटो, आणि पोलीस स्टेशनला लेखी. लेखीचा कागद शिक्का मारून परत घ्या, नाहीतर तक्रार झालीच नाही असं धरून चाला.

कोणी विचारतं की सातपुड्यात गेळाची फळं कुटून पाण्यात टाकायचे ते पण बंद का? ती पद्धत जुनी, ओहोळापुरती आणि ठरावीक दिवसांची होती, तरी आटलेल्या डोहात आता तिलाही जागा नाही. हे वस्तीतल्या जुन्या माणसांनी सांगितलं तर पोरं ऐकतात. आपण सांगितलं तर ऐकत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

९. जैवविविधता समिती म्हणजे काय? आमच्याकडे कागदावर आहे म्हणतात.

जैविक विविधता कायदा २००२, कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत, म्हणजे ग्रामपंचायतीत पण, जैवविविधता व्यवस्थापन समिती असायलाच पाहिजे आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. बहुतेक ठिकाणी ती नोंदवही कोणीतरी बाहेरून भरून दिलेली असते, त्यात झाडं, पक्षी, आणि नदीबद्दल दोन ओळी. ग्रामसेवकाकडून मागवून बघा आणि तुमचे डोह नावासकट त्यात घाला, कुठल्या डोहात शिंपले, कुठे खेकडे, कुठे मरळ अंडी घालते ते. उद्या कोणी पोती भरून शिंपले विकायला न्यायला लागला तर समिती आपल्या हद्दीतल्या व्यापारी गोळा करण्यावर शुल्क लावू शकते, हे त्याच कलमात आहे. पण नोंदच नसेल तर कशाच्या जोरावर बोलणार?

१०. आम्ही धडगाव / अक्कलकुवा / नवापूर बाजूचे. आमचे हक्क वेगळे आहेत का?

आहेत, आणि जास्त आहेत. नंदुरबारचा बराच भाग, साक्री आणि शिरपूरचा काही भाग, चोपडा-यावल-रावेरची काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ च्या पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींच्या कायद्याप्रमाणे लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवलेलं आहे, महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ चे. त्यात ग्रामसभेचा शब्द जड, म्हणून ठराव ग्रामसभेतच करा. शिवाय वनहक्क कायदा २००६, कलम ३(१)(ड) मध्ये जलसाठ्यांतले मासे आणि इतर उत्पादनं हा सामूहिक हक्क म्हणून स्पष्ट लिहिलाय. सामूहिक दावा भरताना बांबू, तेंदू, महू लिहितात आणि नदीचा रकाना कोरा ठेवतात, असं करू नका. डोह, ओहोळ, खेकड्यांच्या जागा नकाशावर दाखवा.

सरदार सरोवराच्या बुडितात राज्यातली ३३ गावं गेली, अक्कलकुवा आणि धडगावची. जमीन गेल्यावर तिथल्या लोकांनी त्याच पाण्यावर मच्छीमार संस्था उभ्या केल्या, त्यांच्याकडून शिकण्यासारखं भरपूर आहे.

११. तलाव ठेकेदाराला दिलाय. त्यात आम्हाला खेकडे-शिंपले काढता येतील का?

आधी कराराची प्रत मागा, माहिती अधिकारात मिळते. धरण-तलावात मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाकडून जातो, लहान तलाव कधी जिल्हा परिषदेचे, कधी ग्रामपंचायतीचे, म्हणून कुठल्या टेबलावर जायचं ते तलावावर अवलंबून. ठेका बहुतेक माशांचा असतो, करारात शिंपल्यांचा उल्लेख आहे का ते वाचा आणि मगच बोला. धरणाखालची वाहती नदी ठेक्यात येत नाही, तरी ठेकेदाराची माणसं तिथे पण हाकलतात. तिथे करारातली हद्द दाखवायची.

१२. मोती शेती करायची आहे. नदीतून शिंपले आणले तर चालतील ना?

यूट्यूब बघून हा प्रश्न हल्ली सगळ्यात जास्त येतो. गोड्या पाण्यातल्या मोत्याचं तंत्र खरं आहे, भुवनेश्वरची केंद्रीय मत्स्य संस्था त्याचं प्रशिक्षण देते, आणि त्यासाठी वापरतात ती शिंपल्याची जात आपल्याच नद्यांमध्ये आहे. अडचण तिथेच आहे. शिंपल्याच्या आत मणी बसवायची शस्त्रक्रिया करावी लागते, त्यात बरेच मरतात, शिकाऊ हाताने तर खूपच, मग मोती तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष, आणि तोपर्यंत मेलेल्यांच्या जागी पुन्हा नदीतून आणा. म्हणजे तुमच्या शेततळ्याचं नुकसान डोह भरून देतो.

करायचंच तर आधी शिका, अगदी थोड्यावर हात बसवा, बंद डोहाला हात लावू नका आणि जैवविविधता समितीकडे (प्रश्न ९) नोंद करून घ्या. तुमचे सगळे मोती आम्हीच विकत घेऊ असं सांगून आधी पैसे भरून घेणारा भेटला तर उठून या.

१३. नदीतले शिंपले, खेकडे खाल्ले तर चालतात का?

कुठले, यावर आहे. शिंपला पाणी गाळतो म्हणजे पाण्यातली घाण पण स्वतःत साठवतो. शहराच्या गटाराखाली, कारखान्याच्या नाल्याखाली, धुळ्याच्या खालच्या अंगाला पांझरेत, असे शिंपले खाऊ नका. उकळल्याने जंतू मरतात, धातू आणि औषधं जात नाहीत. वरच्या स्वच्छ डोहातले असतील तर स्वच्छ पाण्यात ठेवून वाळू काढू द्या, शिजवण्याआधी टिचकी मारूनही न मिटणारा शिंपला फेका. खेकडा कच्चा किंवा अर्धवट भाजलेला नको, त्यातून फुप्फुसात जंत होतो, खोकल्यात रक्त पडतं आणि डॉक्टर टीबीची औषधं चालू करतात. ईशान्य भारतात हे भरपूर बघितलं गेलंय. मसाल्यात चांगला रटरट शिजवा, भाकरीबरोबर खा, विषय संपला.

१४. सकाळी डोहात मासे मरून तरंगत होते. कोणी विष टाकलं का?

लगेच कोणाचं नाव घेऊ नका. पहिल्या जोराच्या पावसानंतर सगळी कुजकट घाण वाहून येते, पाण्यातला ऑक्सिजन एकदम खाली जातो आणि पहाटे मासे तोंड वर काढून मरतात, हे नैसर्गिक पण असू शकतं. तेव्हा मोठे मासे आधी मरतात आणि दुपारपर्यंत उरलेले सावरतात. विष असेल तर लहान-मोठे, खेकडे, झिंगे, किडे सगळे एकत्र, बरेचदा भर दुपारी पण. शिंपले दोन-तीन दिवसांनी तोंड वासून मेलेले दिसतात, कारण ते आधी घट्ट मिटून बसतात.

दोन्हीत करायचं तेच. स्वच्छ काचेच्या बाटलीत पाणी काठोकाठ भरा, वर-खाली दोन जागचं, थंड ठेवा, वेळेसकट फोटो काढा, तलाठी आणि पोलिसांकडून पंचनामा करून घ्या, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. आणि ते मासे कोणी बाजारात नेत असेल तर आधी ते थांबवा.

१५. डोहात मत्स्यबीज सोडायचा कार्यक्रम आहे. काय सोडू?

चिलापी नको, मांगूर तर अजिबात नको, थाई मांगूरच्या पालनावर २००० पासून बंदी आहे तरी पिशव्यांमधून येतोच. तो जे दिसेल ते खातो. रोहू-कटला तलावात ठीक आहेत. नदीच्या डोहात मात्र काहीच न सोडता असलेले मासे राखणं हेच चांगलं, पण त्यात फोटो निघत नाही.

१६. डोह आटत चाललाय. "आते काय करानं?" शिंपले उचलून दुसरीकडे नेऊ का?

घाई करू नका. शिंपला ओल्या चिखलात खोल जाऊन मिटून काही काळ तग धरतो, उकरून काढला तर उन्हात लवकर मरतो. तळाला ओल आहे, टँकर-मोटर लावून कोणी उपसत नाही, तर सोडून द्या. उपसा चालू असेल तर आधी तो बंद करायला सांगा, शेवटचं दोन हात पाणी केळीला जातं आणि डोह जातो.

अगदी भेगाच पडायला लागल्या तर पहाटे काढा, ओल्या गोणपाटात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आणि त्याच नदीच्या जवळच्या डोहात नेऊन वाळूवर एकेक ठेवा. वरून फेकायचे नाहीत. दुसऱ्या नदीत तर नेऊच नका, रोग आणि परक्या जाती अशाच पसरतात.

१७. वाळूचं काय? सगळं राखलं आणि डंपर आला तर?

तर सगळं गेलं, यात गोड बोलण्यासारखं काही नाही. शिंपला वाळूत राहतो. वाळू उचलली की त्याचं घर, तो आणि त्याची पोरं एकाच बकेटमध्ये जातात, वर पाणी गढूळ होऊन खालच्या डोहातल्या शिंपल्यांचं तोंड गाळाने बुजतं. गिरणा नदीचं पात्र बघा, जागोजाग खडक उघडा पडलाय. विहिरींचं पाणी पण त्याच वाळूत मुरायचं, म्हणून शेतकऱ्यांशी बोलताना शिंपल्यापासून सुरुवात करू नका, विहिरीपासून करा.

लिलावाचा विषय ग्रामसभेसमोर आला तर हजर राहा आणि डोहांच्या जागांचा विरोध ठरावात नाव घालून लिहून घ्या, "आमचा विरोध आहे" एवढं पुरत नाही. चोरीच्या उपशाला तहसीलदार आणि पोलिसांना एकाच वेळी कळवा. रात्री डंपर अडवायला एकटं-दुकटं जायचं नाही. माणसं जिवानिशी गेलीत यात. गावातलाच ट्रॅक्टरवाला असेल तर त्याच्या घरच्या मोठ्या माणसाशी बोला, पोलिसांच्या आधी तेच चालतं.

१८. समुद्राकाठी लोक हे कसं करतात? तिथून काही घेता येईल?

केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी नावाचा खाऱ्या पाण्याचा तलाव आहे, तिथे तिसऱ्यांसारखे शिंपले हजारो लोक काढतात. अती काढल्याने माल घसरला तेव्हा डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे पिल्लांच्या दिवसांत, काढणं बंद आणि जाळ्याचं भोक ३० मिलिमीटरपेक्षा लहान नको असं ठरलं, आणि शिंपले काढणारे, अधिकारी, शास्त्रज्ञ मिळून कारभार बघणारी परिषद झाली. २०१४ मध्ये त्या मासेमारीला शाश्वत असल्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, देशातलं पहिलं. घेण्यासारखं म्हणजे भोकाचं माप. माणसाला मोजत बसण्यापेक्षा साधनाचं माप ठरवलं की बारके आपोआप सुटतात. महिने मात्र तिकडचे इकडे लावू नका, किनाऱ्यावरची १ जून ते ३१ जुलैची बंदी पण समुद्राची आहे, नदीला ती लागू नाही.

आणि आपलं पाणी समुद्रात जातं का, तर तापी मुलताईहून ७२४ किलोमीटर वाहत सुरतेखाली समुद्राला मिळते, पण मध्ये उकाई धरण आहे. आपला गाळ आणि बरीच घाण तिथेच बसते. उलट बाजूने, ज्या मोठ्या झिंग्याची पिल्लं खाडीच्या खारट पाण्यातच वाढतात तो धरण ओलांडून वर येऊ शकत नाही.

१९. कानबाईचं विसर्जन, गणपती. हे पण बंद करायचं का?

कानबाई ही आपली खान्देशातली देवी, तिचं नारळ आणि फुलं, त्याने नदी मरत नाही. प्लास्टिकची ताटं-पिशव्या काठावर काढून घ्या. प्लास्टरच्या मूर्ती मात्र बंद डोहात नकोत, त्यासाठी जागा वेगळी ठरवा.

२०. नियम मोडणाऱ्याला दंड करू का? वाळीत टाकू का?

वाळीत अजिबात नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नदी राखायला गेलेली माणसं आरोपी होतील. जाळं हिसकावणं, मारहाण, हे पण तुमच्यावरच उलटेल. ज्यांनी नियम मान्य केलाय त्यांनी आपसात ठरवलेली भरपाई, उदाहरणार्थ बंद डोहाची महिनाभर राखण, ही राजीखुशीची असेल तर चालते. बाहेरचा माणूस असेल तर प्रश्न ८ चाच रस्ता.

२१. नदीचा समोरचा काठ दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या जिल्ह्यात आहे. ते लोक आमचा नियम का मानतील?

मानणार नाहीत, जोपर्यंत त्यांच्याशी बोलला नाहीत. शहादा आणि शिंदखेडा समोरासमोर, एक नंदुरबार एक धुळे, तहसीलदार वेगळे, पोलीस स्टेशन वेगळं, तक्रार केली की "ते आमच्या हद्दीत नाही" दोन्हीकडून ऐकायला मिळतं. पण भोयांचे आणि भिल्लांचे सोयरे दोन्ही काठांना असतात. आधी त्यांच्या मार्फत बोलणं लावा, बंद डोह दोघांनाही दिसेल अशा जागी निवडा, आणि ठराव दोन्ही ग्रामसभांचा एकाच मजकुराचा करून दोन्ही तहसीलला द्या. त्यांनी एक डोह बंद ठेवला तर तुम्ही पण एक ठेवायचा, ही अट पहिल्या बैठकीतच ते घालतील, तेव्हा कुठला देणार ते घरून ठरवून जा.